रहस्यकथेला नैवेद्य

औरंगाबाद,
फाल्गुन वद्य अष्टमी

चिरंजीव कारभारी यास थोरल्या भावाचे पोटभर आशीर्वाद. इकडं माझा गुडघा, तुझी वहिनी आशाबाई हिचं पित्त आणि स्वयंपाकघराची गळती ही तिन्ही जिथल्या तिथं आहेत. तुझी अडत, तुझा दमा आणि सौ. सरू यांची खुशाली कळव, पण या क्रमानं नको. आधी सरूचं लिही. मागल्या वेळी बाजरीचा भाव सविस्तर कळवलास आणि बायको आजारी आहे हे कडेला आडवं लिहिलंस.

तुझं कार्ड पोचलं. 'पाडव्याला आईला न्यायला लासूरहून येऊ का?' एवढीच ओळ, तीही तारेसारखी. आईचं एक वर्ष तुझ्याकडं, एक माझ्याकडं, पाडवा ते पाडवा, हे आप्पांच्या माघारी आपणच ठरवलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण उत्तराला उशीर झाला, त्याला कारण पुस्तकं.

गेल्या पाडव्याला आमच्या वाचनालयाचे चिटणीस नानासाहेब यांनी एक टूम काढली. सभासदानं वर्षभरात बारा पुस्तकं संपवायची आणि दर महिन्याला सगळ्यांसमोर उभं राहून मत सांगायचं. मी हात वर केला. (पंखा लावा म्हणून केला होता, पण नाव लिहून झालं होतं.) आता तुझं-माझं शिक्षण निजामाच्या अमदानीत अलिफ-बेनं सुरू झालेलं. पोलीस अॅक्शननंतर कचेरी मराठीत आली, तेव्हा मी तिशीत बोट ठेवून मराठी वाचायला शिकलो. अजून मनातल्या मनात वाचलं तर ओळ हरवते, म्हणून मोठ्यानं वाचतो. आईनं ते ऐकलं आणि घरात पोथी लागली असं तिनं धरलं.

पोथी म्हटली की पोथीचे नियम आले. आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून, पाटावर बसायचं. अध्याय पुरा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. (आशाबाईचं दूध दोनदा उतू गेलं.) सुरू केलेलं मध्येच सोडायचं नाही, आणि शेवटी समाप्ती करायची. पहिलंच पुस्तक रहस्यकथा निघालं. मी ओल्या केसांवर टोपी चढवून, हात जोडून, एका सावकाराचा खून वाचायला बसलो. त्यात माझा उर्दूचा हात. सवयीनं पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं आणि पहिल्याच दिवशी खुनी कोण ते कळलं! पुढं सगळं वाचन मी चेहरा दगडासारखा ठेवून केलं, तरी खुनी दिवाणजीचं नाव आलं की माझा आवाज बसतो हे आईनं ताडलं. समाप्तीला तिनं पिस्तुलाच्या चित्राला हळदकुंकू वाहिलं, शिऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि गल्लीत प्रसाद वाटला. वाचनालयातला बन्सी आता आमची पुस्तकं परत घेताना आधी हुंगून बघतो.

मतांचं म्हणशील तर माझी मतं साधारण 'भाषा ओघवती आहे' इथपर्यंत जातात. आई तिथं थांबत नाही. खून उघडकीला आला, सगळे टाळ्या पिटून घरी गेले, त्यावर ती म्हणाली, "मेलेल्याच्या बायकूकडं कुनी गेलं का नाय?" मी पुस्तक पुन्हा चाळलं. कुणीच गेलं नव्हतं. विलायतेच्या प्रवासवर्णनावर तिचं म्हणणं, एवढे मुलूख पालथे घातले पण गडी रोज काय जेवला ते सांगत नाही, म्हणजे उपाशी हिंडला असणार. कोंबडीपालनाचं सरकारी पुस्तक मी चुकून आणलं, तर ते तिला सर्वांत रसाळ वाटलं, कारण त्यात उगाच कुणी रडत नाही. उलट सगळ्या वाचनालयानं जी कादंबरी डोक्यावर घेतली, ती तिला मुळीच पटली नाही, कारण लेखकानं पोरीचं लग्न पौषात लावलं. मी म्हटलं, अगं, कादंबरीत चालतं. ती म्हणाली, म्हणूनच पोरीचं पुढं वाटोळं झालं. या एका बाबतीत ती साफ चुकली असं माझं मत आहे, पण माझं मत कुणी विचारत नाही. मी उभा राहिलो की नानासाहेब म्हणतात, "बद्रीनाथ, आईसाहेब काय म्हणाल्या ते सांगा."

तर बारावं पुस्तक चालू आहे. खूप जाड आहे. ते मी मुद्दाम जाड निवडलं, आणि हल्ली रोज एकच पान वाचतो. पोथी अर्धी टाकून घरातलं माणूस गावाला जात नाही, हे तुला माहीत आहेच. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
बद्रीनाथ

ता. क. एवढं लिहूनही मुद्दा राहिला. यंदा आईला नेऊ नकोस. जाड पुस्तकाचं निमित्त आहे, मला ती इथं हवी आहे. पन्नाशी आली, पण आजवर आईचं-माझं बोलणं 'जेवलास का' आणि 'आलास का' यापलीकडं गेलं नव्हतं. तिला कशाचं काय वाटतं, हे मला या वर्षी पहिल्यांदा कळलं. आणखी एक वर्ष दे. हट्ट म्हण हवं तर.

आणखी एक ता. क. घरात आलेलं, गेलेलं सगळं आईला वाचून दाखवायचा आता रिवाज पडलाय, म्हणून हे पत्रही दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "पत्र बरं हाय, लांबलंय. पन जिच्यापायी एवढी वढाताण, तिला कुनी इचारल्याचं यात कुठं दिसत नाय."

म्हणून विचारलं. तिला लासूरला यायचंय. "सरू दिसभर एकलीच भिताडाकडं बगत बसती," म्हणाली. "मागल्या खेपंला आमी दोघीबी गप बसायचो, म्या तरी काय बोलनार? आता माज्यापाशी सांगायला लई हाय."

डोळ्यांत पाणी आलं, ते टोपीनं पुसलं. तर पाडव्याला ये, कारभारी. फक्त सकाळच्या गाडीनं नको, दुपारच्या गाडीनं ये. सकाळी आमचं वाचन असतं.