विहीणबाईंचा येशू आणि मी म्हणलेलं फळ

१८ एप्रिल
मैत्री आज परत नानीकडं गेली. येशूला खिळे ठोकले तो शुक्रवार हाय म्हणे त्यांचा. सहा वर्षाच्या लेकराला तिथं काय काम? पण एस्तेर म्हणली, "आई, माझी मम्मी कधीतरीच मागते." कधीतरी! गेल्या इतवारी नेली, त्याच्या मागल्या इतवारी नेली. एस्तेर माझी सून, गुणाची हाय, पण आईपुढं तिचं काय चालत नाय.
विहीणबाई छावणीत राहतात, मी मुकुंदवाडीत, पोरं मधी सिडकोत. (इथून पुढं विहीणबाईला नुसतं वि. लिहीन. हात दुखतो.)
खरी गोम अशी की जूनपासून एस्तेरला दिवसभराची नोकरी. शाळा सुटल्यावर मैत्री कुणाकडं राहणार, माझ्याकडं का वि.कडं? माझा मिलिंद म्हणतो, "बघू." बारशालाबी बघूच म्हणला होता. नाव शेवटी मीच ठेवलं, मैत्री. आणि वि. काय हाक मारती? "मेरी". म्हणती, घाईत तसं निघतं तोंडातून. असली कसली घाई.

२१ एप्रिल
आली! आठ दिवस माझ्याकडं! एका हातात रंगवलेलं अंडं, नानीनं दिलेलं. सिडकोपासून मुठीत धरून आणलं, मला हात लावू दिला नाय.
"आजी, येशू तिसऱ्या दिवशी उठला! दगड सारून!" असं सांगत होती की दगड हिनंच सारला.
संध्याकाळी विहारात नेली. पंचशील घडाघडा म्हणली, एक शब्द चुकला नाय. बाया वळून वळून बघायल्या. माझी मान अशी ताठ. शेवटी सगळे साधु साधु साधु म्हणले आणि ही मोठ्यांदा म्हणली, "आमेन!"
भंतेजी हसले. बाया हसल्या. शेजारची म्हणली, "विहिणीनं शिकवून पाठवली वाटतं." मीबी हसले. तोंडानं.

२३ एप्रिल
वाईट झालं. लिंबावरून खारीचं पिल्लू पडलं, डोळे पण उघडले नव्हते. मैत्रीनं कापसात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. मांजर खाईल म्हणून झाकण लावलं गच्च. डबा उन्हात. मी दळणाला गेले होते. आले तर...
रडली नाय पोरगी. गुमान दाराजवळच्या रिकाम्या कुंडीत पुरलं. मी म्हणलं बरं झालं, लेकरू समजूतदार हाय. समजूतदार कसलं, तिच्या मनात भलतंच होतं.

२५ एप्रिल
सकाळीच कुंडी उकरून बसलेली. आज तिसरा दिवस, तिनं मोजलेले. आत मुंग्या. काय दिसलं ते लिहीत नाय.
मी हाताला धरून ओढली तर म्हणती कशी, "नानीचा देव उठवतो. तुझा का उठवत नाय?"
मला काय झालं काय म्हाईत. म्हणले, "डबा कुणी लावला? तूच ना? आपल्यात कुणी उठवत नाय. केल्या कर्माचं फळ मिळतं, मिळाल्याबिगर राहत नाय. या जन्मी नाय तर पुढल्या."
उकरलेली माती हातानं परत कुंडीत लोटली तिनं. मला वाटलं, समजलं.

२ मे
पोरगी सिडकोला गेली. घर कसं खायला उठतंय. एस्तेरचा फोन, मैत्री आंबा खात नाय. केळ नाय, टरबूज नाय. पोटात दुखतंय म्हणती. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणला काय नाय, उन्हाचं हाय.
खुलताबादहून माझ्या भावानं पाडाचे आंबे पाठवले होते, ते पिशवीभर घेऊन मीच गेले. घरभर वास. पोरीनं पिशवीकडं बघितलं आणि पलंगाखाली जाऊन बसली. मी वाकून म्हणले, "सोन्या, आजीनं आणलेत गं." आतून आवाज, "नको. आजीचं फळ नको."
मला वाटलं वि.नं काहीतरी भरवलं कानात. लई राग आला. येताना रिक्षात तिलाच बोलत आले मनातल्या मनात.

५ मे
वि.चा फोन.
"विहीणबाई, मेरी फळ का खात नाय ते कळलं."
"मैत्री," मी म्हणले.
"मैत्री. तुम्ही म्हणलात ना तिला, कर्माचं फळ मिळणार? ती वाट बघतीय. आंबा का केळ, कोणतं ते तिला म्हाईत नाय. खाल्लं की आपण खार होणार, आणि कुणीतरी डब्यात कोंडणार, असं तिच्या डोक्यात."
एवढं भ्या घेऊन लेकरू आठ-दहा दिवस फिरलं. माझ्यामुळं.
पण खरं लिहायचं तर आधी दुसरंच टोचलं. पोरीनं तिला का सांगितलं? मला का नाय?
वि.नं तिला म्हणे मांडीवर घेतलं आणि सांगितलं, येशूनं तुझी सजा आधीच घेतली स्वतःवर. तू मोकळी. लगेच पोरीनं आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या. वि.च्या घरच्या आंब्याच्या. माझे सिडकोत नासले.

७ मे
दोन दिवस तेच डोक्यात. वि.कडं माफी हाय. माझ्याकडं काय हाय? मी पोरीसाठी जीव देईन, पण तिचं केलेलं माझ्या अंगावर घेता येत नाय मला. ज्याचं त्यानं. आणि तो येशू, कधी तिला शेंबूड पुसला नाय, कधी खिचडी भरवली नाय, तो म्हणतो सगळ्यांची सजा माझ्याकडं द्या. हक्क कुणाचा? सांगायचं झालं तर मला वि.चा नाय, त्याचाच हेवा वाटतोय.
आणखी एक आठवलं. माझी माय वावरात खुरपायला जायची, तर मालकीणबाई बांधावरून म्हणायची, मागल्या जन्मीचं भोगताय गं तुम्ही. माय मान खाली घालून ऐकायची. तेच्यासाठी तर आम्ही तो धर्म सोडला, बुद्धाकडं आलो. आणि मी साठ वर्षांनी तेच वाक्य नातीला... पुढं लिहवत नाय.

१२ मे
बुद्ध पौर्णिमा. खीर केली. मीच वि.ला बोलावलं, मैत्रीला घेऊन या म्हणलं. पांढरी साडी नेसून आली. बरी दिसत होती, काय म्हणायचं.
विहारात भंतेजीला सगळं सांगितलं, पोरीच्या देखतच. त्यांनी तिला विचारलं, "डबा लावला तेव्हा मनात काय होतं?"
"मांजर खाईल."
"मारायचं होतं?"
"नाय!"
"मग ते मारायचं कर्म नव्हं. मनात असतं ते कर्म. पुढल्या वेळी डब्याला भोकं पाडायची."
एवढंच! हे मला का सुचलं नाय? चाळीस वर्ष विहारात चटया झाडतीय.
घरी आल्यावर मैत्री खीर खाता खाता वि.ला म्हणती, "नानी, येशूनं काय केलं होतं? डबा तर मी लावला. मग त्याला का सजा?"
वि. वाटीतली खीर चमच्यानं ढवळायला लागली. मला लई गोड वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. खीर आणखी वाढली पोरीला.
मग ती खेळायला गेली आणि वि. पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणली, "विहीणबाई, एक विचारू? आमचे हे दारूतच गेले. शेवटी प्रार्थना नाय, पश्चात्ताप नाय. आमच्यात मेल्यावर दुसरा मोका नसतो. एकदाच न्याय. मी रोज डोळे मिटते आणि... तुमच्यात परत येता येतं ना? सुधरायला?"
बारा वर्ष ओळखते हिला, कधी बोलली नाय. आणि माझा हेवा करतीय! माझा!
भंतेजी तर सांगतात की आत्मा नाय, जाणारा-येणारा कुणी नाय, एका दिव्यावरून दुसरा लावावा तसं. मला ते कधी नीट कळलं नाय. मी म्हणले, "व्हय. येता येतं. आले असतील."
खोटं बोलले का काय? सकाळीच चौथं शील घेतलं होतं. पण वि.चा चेहरा बघवत नव्हता.
जाताना म्हणली, "मैत्री, चल." मेरी नाय, मैत्री म्हणली. मी ऐकलं.

२९ मे
मिलिंद-एस्तेर येऊन गेले. शाळा वि.च्या घराजवळ पडती, पण वि.चे गुडघे गेलेत. माझे गुडघे बरे, पण रिक्षा दोन बदलाव्या लागतात. एस्तेर म्हणली, "आई, मैत्रीलाच विचारू. ती म्हणंल तिथं." मिलिंद म्हणला, बघू.
मी बोलले तर भांडणच. आंबा कापून दिला, पोरीनं कोय चाटूनपुसून खाल्ली, कोपरापर्यंत रस. तेवढ्यावर पोट भरलं माझं.

१२ जून
सोमवारी शाळा. अजून ठरलं नाय, पोरगी तोंडच उघडत नाय म्हणे. आज संध्याकाळी तिनं नानीकडून स्वतः फोन लावला.
"आजी, तू मेल्यावर कुठं जाणार?"
असं विचारतं का कुणी! मी म्हणले, "का गं बाई?"
"नानी म्हणती ती वर जाणार, तिथंच थांबणार. तू तर परत इथंच येणार. मग मी मेल्यावर कुणाकडं येऊ?"
"त्याला लई वेळ हाय सोन्या."
"पण सांग ना. वर गेले तर तू नसणार. इथं आले तर नानी नसणार."
म्हणजे शाळेनंतर कुणाकडं राहायचं ते पोरीच्या तोंडातून का निघत नाय, ते आता कळलं. माझ्याकडं ये, हे शब्द जिभेवर होते. आयुष्यभर तेच म्हणायचं होतं. पलीकडं पोरगी श्वास धरून उभी. मागं वि.चा आवाज येत होता, "काय म्हणती आजी? काय म्हणती?" तिलाबी ऐकायचं होतं.
म्हणले, उद्या सांगते.