साडभाऊंच्या डब्यातली रॅम

सावंगी (मेघे),
सोमवार, दि. ८ जून

चि. रोशन यास,

कैलास भाऊजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहेत, मी सोडून. आबांची आणि आईंची प्रकृती बरी असेल, तुझी कंबरही आता सरळ झाली असेल. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर बोलावं तर तुझी जयाताई शेजारीच भाजी निवडत बसलेली असते, आणि व्हॉट्सअॅपवर लिहावं तर मागच्या वेळी रूपरावांच्या सुटलेल्या पोटाबद्दल तुला एकट्याला लिहिलेलं सगळ्या 'नाचणगाव परिवार' ग्रुपवर गेलं होतं. (ते मी मुद्दाम केलं असं तुझ्या नलूताईंना अजून वाटतं. मुद्दाम केलं नव्हतं. मजकूर मात्र खरा होता.)

तर अधिकाच्या महिन्यात आबांनी आम्हा दोघा जावयांना, मला आणि रूपरावांना, वाण दिलं. तेहतीस-तेहतीस अनारसे, आणि पुलगावचा क्लास बंद केल्यावर उरलेला एकेक कॉम्प्युटर. दोन्ही डबे काळे, दोन्हींवर आईंच्या हातचं कुंकू. आबा म्हणाले, "दोन्ही सारखेच आहेत, भांडू नका." मी भांडलो नाही. अनारसे तेवढे घरी येऊन मोजले, ते बरोबर भरले. डब्याच्या आत काय आहे ते मोजता येईना, एवढीच रुखरुख राहिली.

ती वाढली आबांच्या डोळ्यामुळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे सावंगीला ठरलं. दवाखाना माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. आणि मुक्काम? बोरगावला, साडभाऊंकडे! मी फोनवर कारण विचारलं तर आबा म्हणाले, "रूपरावच्या कॉम्प्युटरवर भजन अटकत नाई बापा, तुह्यावर अटकते. दिवसभर पडल्या पडल्या मी काय करू?" रोशन, मला हे फार लागलं. एकोणीस वर्षं झाली मी जावई होऊन, आबा आमच्याकडे चहा घेतात आणि झोपायला बोरगावला जातात. मी रूपरावांवर जळतो, हे तुझ्यापासून कशाला लपवू? त्यांच्या प्लॉटवर जळत नाही, नोकरीवर जळत नाही, आबांच्या त्या मुक्कामावर जळतो. त्यात जया म्हणाली, "नलूताईचा तं बटन दाबलं का सुरू होते. आपलाच काऊन असा करून राह्यला?" मग मात्र मी चौकशीच लावायची ठरवली.

आमच्या ऑफिसातल्या लहानूनं एक फुकटचं सॉफ्टवेअर सांगितलं. ते कॉम्प्युटरच्या पोटात काय काय आहे ते सगळं दाखवतं. पेनड्राइव्हवर घेऊन गेलं की कुठल्याही मशीनवर चालतं. मी ते घरी चालवलं. प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचा. रॅम चार जीबी, दुसरी खाच रिकामी. (रिकामी, रोशन! नाक चपटं असलं तरी चालतं, पण नाकाच्या जागी खाच?) डिस्क आजवर एकतीस हजार तास फिरलेली. आतलं तापमान एक्काहत्तर. आमच्याकडे बाहेर सेहेचाळीस असताना लोक बोंबलतात, हा बिचारा एक्काहत्तरात माझ्यासाठी पडद्यावर पत्ते वाटत होता.

आता साडभाऊंचं पोट पाहणं भाग होतं. रविवारी रसाच्या जेवणाला बोलावलंच होतं. सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी पेनड्राइव्ह लावला. आठ जीबी. दोन्ही खाचा भरलेल्या. डिस्क अवघी नऊ हजार तासांची. मागून रूपराव आले आणि म्हणाले, "पाह्यता का कैलासराव? पाहा, पाहा. वाऱ्यावाणी पळून राह्यला." मी म्हटलं, छान आहे, फक्त धूळ फार झाली आहे, मी घरी नेऊन साफ करून देतो. त्यांनी स्वतःच्या हातानं डबा माझ्या स्कूटरवर बांधून दिला. माणूस भोळा आहे, हे मला त्या वेळी आवडलं नाही.

पुढचं तू ओळखलंच असशील. दोन्ही डबे बाहेरून सारखे. त्यांचा ठेवायचा, माझा परत पाठवायचा. घोटाळा नको म्हणून मी माझ्या डब्यावर, उजव्या कोपऱ्यात, हळदीचं बारीकसं बोट लावून ठेवलं आणि दोन्ही डबे देवघरासमोरच्या खाटेवर मांडून अंघोळीला गेलो. त्या दिवशी गुरुवार होता, हे माझ्या ध्यानात नव्हतं. जयाच्या होतं. तिनं पूजा केली, मग खाटेवर पाहिलं. एकाच डब्याला हळद आणि दुसरा कोरा. तुझी ताई पंक्तीत कुणाला एक पोळी कमी वाढायची नाही. तिनं दोघांनाही कोपऱ्यात हळद लावली, वर कुंकू लावलं आणि डब्यांची बूडं ओल्या फडक्यानं पुसायची म्हणून दोन्ही उचलून इकडचे तिकडे केले.

मी म्हटलं हरकत नाही, सॉफ्टवेअर आहे, लावून पाहू. तेवढ्यात वादळ सुटलं आणि लाईन गेली. आणि तेवढ्यातच रूपराव दारात हजर, त्यांच्या अंकिताचा ऑनलाइन फॉर्म भरायची शेवटची तारीख म्हणून. आता काय विचारू? 'तुमचा कोणता' असं विचारलं तर चोरी उघडी पडते. मी कुलदैवताचं नाव घेतलं आणि डाव्या हाताचा डबा दिला. ते जाताना म्हणाले, "लय मेहनत घेतली तुम्ही, हळदकुंकू बी लावलं." संध्याकाळी लाईन आली. मी पेनड्राइव्ह लावला. चार जीबी. एकतीस हजार तास. एक खाच रिकामी.

म्हणजे मी साडभाऊंचा माल साडभाऊंना सचोटीनं परत केला. एवढा प्रामाणिकपणा माझ्या हातून आजवर घडला नव्हता, आणि घडला तो हा असा, मला न विचारता. जयाला मी सगळं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आबाले सरळ सांगा ना, या म्हणून." मी म्हटलं, सांगून यायचे असते तर एकोणीस वर्षांत आले असते. असो. आता माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही. आईंना साष्टांग नमस्कार.

तुझा भाऊजी,
कैलास

ता. क. : क्लासच्या टेबलाच्या खणात जुन्या रॅम पडल्या असतील. एक पाठवजो. चारची नको, आठची. म्हणजे माझे बारा होतील आणि रूपरावांचे आठच राहतील.

ता. क. २ : पत्र बंद करायच्या आधी दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशननंतर आठ-दहा दिवस आजोबांना पडद्यासमोर बसू द्यायचं नाही, डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब टाकायचे, आणि टाकणारा माणूस घरातच पाहिजे. तेव्हा रॅम राहू दे. मी ऑफिसातून दहा दिवसांची सुट्टी मंजूर करून घेतली आहे. कॉम्प्युटर माळ्यावर टाकला, त्याच्या जागी कूलरसमोर खाट लावली. भजन मी स्वतः म्हणेन, अटकलो तर जया आहे. एवढं आबांना तुझ्या तोंडून सांग, माझ्यानं सांगवणार नाही. आणि स्टँडवर उतरलात की रिक्षा सरळ सावंगीकडे वळव.

ता. क. ३ : थेंबांचं आणि पडद्याचं रूपरावांना इतक्यात कळवू नकोस. त्यांनी आबांसाठी सोळाची रॅम मागवली आहे असं ऐकतो. त्यांना ती आधी बसवू दे.