गळ्याखालची बाई

अप्पा, मी पुन्हा कॅमेरा हातात घेतलाय. तुम्ही असतात तर आधी कंपनी विचारली असतीत, मग लेन्सवरचा बोटाचा डाग दाखवला असतात. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातल्या लोकांनी मिळून दिला. मी कधीतरी फोटो काढायचे, असं कुणाला तरी बोलून गेले असणार. वर्षभर तो कपाटातच पडून होता. मग मीरा रोडच्या आमच्या कॉम्प्लेक्समधल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपबरोबर पहाटे खाडीवर जाऊ लागले. सगळे एका रांगेत उभे राहून एकाच सूर्याचे फोटो काढायचे. आमचे म्होरके, बँकेतून रिटायर झालेले एक काका, मागून सांगायचे, "मॅडम, सूरज को बीच में मत रखो." मी सूर्य बाजूला सरकवायचे. घरी येऊन पाहिलं की वाटायचं, हे चित्र मी आधीच छापून मोकळी झालेय. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या फोटोंखाली ओळी लिहिल्या, अप्पा. त्याने एक खोड जडली. समोर काही दिसलं की आधी ओळ सुचते, आणि ओळ सुचली की फोटो काढावासा वाटत नाही. तीन-चार महिन्यांत कॅमेरा परत कपाटात गेला.

खोड डेस्कची म्हणते खरी, पण सुरुवात तुमच्याकडे झाली. भाईंदर पश्चिमेचा आपला स्टुडिओ, आणि त्यामागची डार्करूम, जिच्यात शिरताना तुम्ही मला श्वाससुद्धा हळू घ्यायला लावायचात. जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांचं काम जास्त. मोरव्यातून, पेणकरपाड्यातून लोक लग्नाचा ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यातला आमचा म्हातारा काढून द्या." म्हाताऱ्याचा दुसरा फोटोच नसायचा. तुम्ही तो चेहरा मोठा करायचात, कापायचात आणि दुसऱ्या कुणाच्या फोटोतल्या तयार धडावर बसवायचात. तुमच्याकडे एक पुरुषाचं धड होतं, कोटातलं, आणि एक बाईचं, भरजरी शालूतलं, गळ्यात चपलाहार. सांधा ब्रशने असा मिटवायचात की पोटच्या पोरांना कळू नये. मोरव्यात एकाच आळीत शेजारशेजारच्या घरांतले म्हातारे हार घालून एकाच कोटात बसलेले मी पाहिलेत. तुम्हाला सांगितलं तर हसलात. म्हणालात, "वर गेल्यावर भांडतील कोटासाठी."

त्या मे महिन्यातला दिवस तुम्हाला आठवत नसणार. एका गिऱ्हाइकाच्या रोलच्या शेपटाला एक-दोन फोटोंची जागा उरली होती, ती तुम्ही मला दिलीत. मी कॉलेजात होते. आई स्वयंपाकघरात विळीवर बसून कोलंबी सोलतेय. केस सुटलेत, ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टी पिन आहे. नाकाला खाज सुटली म्हणून ती मनगटाच्या मागच्या बाजूने नाक घासतेय आणि स्वतःलाच हसतेय, कारण मनगटालाही कोलंबी लागलीय. मी बटण दाबलं. संध्याकाळी डार्करूममध्ये कागदावर ती हळूहळू उमटली आणि मला वाटलं, मला हेच करायचंय. तुम्ही चिमट्याने कागद उचलून लाल दिव्याखाली धरलात.

"ही काय अवस्था? स्टुडिओवाल्याची बायको, आणि भिकारणीसारखी?"

"अप्पा, आई अशीच दिसते."

"माणसं आहेत तशी दिसायला लागली तर आपल्या दारात कोण येईल?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. कात्रीने निगेटिव्हच्या पट्टीतून तेवढी चौकट कापलीत, ओला कागद फाडलात आणि दोन्ही बादलीत टाकलंत. बाहेर आई जेवायला वाढत होती. तिला यातलं काही कळलं नाही. मी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही, आणि का लावत नाही हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

आई गेली तेव्हा तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. साऱ्या गावाचे फोटो तुमच्याकडे, आणि बायकोचा नाही. तेराव्याला तुम्ही फ्रेम घेऊन आलात. मावशीच्या लग्नातल्या ग्रुपमधला तिचा चेहरा, अवघडलेला, फ्लॅशने दचकलेला. खाली शालू, चपलाहार. बायका म्हणाल्या, "किती शोभून दिसतात वहिनी." मी तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही खूश होतात. सांधा खरंच कुठे दिसत नव्हता. तुम्ही गेल्यापासून ती फ्रेम माझ्या घरी आहे. गळ्याच्या खाली माझी आई नाही. ती बाई कोण, तिचं पुढे काय झालं, तिला माहीत तरी होतं का की तिच्या खांद्यांवर भाईंदरच्या कितीतरी बायका येऊन बसल्या?

यंदा थंडीत उत्तनला एका लग्नाला गेले होते. निघताना कॅमेरा सहज पिशवीत टाकला. दुपारी रिक्षाने पुढे चौक नावाच्या कोळीवाड्यात गेले. किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील टांगलेले होते. खाली एक म्हातारी खोक्यावर बसून मासळी निवडत होती.

"कसला फोटू कारतेस?"

"बोंबलांचा."

"बोंबील कुठं पलत न्हाईत. माजा कार." मग हात पदराला पुसत म्हणाली, "भितीवं लावाला पायजे. धन्याच्या बाजूला जागा ठेवलीय."

मागे तिची सून जाळं आवरत होती. ती म्हणाली, "आये, आत्ताच कशाला?"

"मग मेल्यावं कारनार कं?"

सून हसली, तीही हसली, आणि उन्हात डोळे बारीक करून तिने माझ्याकडे पाहिलं. बोटांना खवलं चिकटलेली. अप्पा, माझं बोट आधी हललं. ओळ सुचलीच नाही. घरी येईपर्यंत सुचली नाही. त्या रात्री मी स्वयंपाक केला नाही, तो एकच फोटो पाहत बसले.

मोठा करून, फ्रेम करून तिला नेऊन दिला. तिने तो लांब धरून पाहिला, मग जवळ घेऊन पाहिला.

"बेस हाय. पन गल्यात सोनं पायजे."

तिचं सोनं बोटीच्या इंजिनासाठी विकलं गेलं होतं. मी म्हणाले, "मावशी, मी तसलं करत नाही. हा खरा फोटो आहे."

"खरी मी हाय नं हितं. फोटूत आनि कशाला?" तिने फ्रेम माझ्या हातात परत दिली. "नको तं नको. नातू करील मोबाइलवं. मागं त्यानं मना कुत्र्याचं कान लावलेलं."

परतताना मी तुमच्यावर चिडले होते, तिच्यावर नाही. कॅमेरा विकून टाकायचा ठरवलं. तरी आठ दिवसांनी कॉम्प्युटरसमोर बसले आणि फोटोतल्या तिच्या गळ्यात हार रंगवला. तुमच्याकडचा चपलाहार नाही. कोळणी घालतात तसा, तिच्या सुनेला फोनवर विचारून. पहिल्यांदा तो चिकटवल्यासारखा दिसला. मग तुम्ही गिऱ्हाइकांना ऐकवायचात ते आठवलं, सोनं रंगवायचं नसतं, सोन्याखालची सावली रंगवायची. सावली भरली आणि हार अंगावर बसला. म्हातारीने पाहिलं, स्वतःच्या रिकाम्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "आता कसं." फ्रेम प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवली. अजून वेळ आहे म्हणाली.

हे वाचून तुम्हाला वाटेल पोरगी वठणीवर आली. नाही आली. म्हातारीने तोंडाने मागितलं. आईला तुम्ही विचारलं नाहीत. कदाचित तो कोलंबीचा फोटो तिनेच फाडला असता. कदाचित पिठाच्या डब्यामागे जपून ठेवला असता. ते तिचं तिने ठरवायचं होतं. तुम्ही तिला तो दाखवलासुद्धा नाहीत, आणि एवढ्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही.

आता दर रविवारी चौकला जाते. आणखी दोघी-तिघींनी सांगून ठेवलंय. प्रत्येकीचे दोन फोटो काढते, एक तिला हवा तसा, एक मला दिसतो तसा. दोन्ही तिच्यासमोर ठेवते. खाडीवरचे काका विचारतात, "मॅडम, आजकल आते नहीं?" त्यांना काय सांगणार? तुम्हालाही सांगणार नाही, म्हणून हे पत्र माझ्या खणातच राहील. मला या कामात मजा येतेय, अप्पा. सावली भरायला बसले की जेवायचं भान राहत नाही. तुम्हाला हे कळलं असतं, तर पोरगी शेवटी बापावर गेली, असं तुम्ही चारचौघांत सांगत सुटला असतात. ते ऐकून घ्यायची माझी अजून तयारी नाही.