आतला पत्ता

१२ मे २०२३, लातूर

चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, आणि ओळ संपून वर्ग गप्प झाला की मागून एक आवाज शेवटचा शब्द एकटाच म्हणायचा. केरबाची लेक लुंबिनी. सगळे थांबले की ही पोहोचायची. वर्ग हसायचा, तीही हसायची.

आज रिक्षातून उतरताना शेजारच्या क्लासमध्ये पोरं कसलीशी सूत्रं एका सुरात घोकत होती. क्षणभर आमच्या तेरणाकाठच्या शाळेच्या ओट्यावर शिकवायला उभा असल्यासारखं वाटलं. ते गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. त्या रात्री मी मुखेडला सासुरवाडीत होतो, म्हणून आहे.

घर छान आहे. नात मालविका दहावीनंतर इथे क्लासला येईल म्हणून माझ्या मुलाने, आलोकने, आत्ताच घेऊन ठेवलंय. पोर अजून नांदेडला सहावीत आहे! तोवर खोल्या क्लासच्या पोरांना भाड्याने. परीक्षा संपून ती गावी गेलीत. बायको चंद्रप्रभा गेल्यापासून मुखेडचं घर खायला उठायचं, म्हणून मी राखणीला आलो.

राखण घराची आणि एका संगणकाची. मालविका आणि तिची पुण्या-हैदराबादची भावंडं ठोकळ्यांच्या एका जगात खेळतात. ते जग या संगणकात राहतं. इथलं इंटरनेट जोरदार, म्हणून आलोकने सर्व्हर आता इथे मांडला. मी तो चालू ठेवायचा. मालविका तिथे आमचं गाव बांधते आहे. मी मुखेडपासून रोज फोनवर सांगत आलोय, ती रचते. एवढा आनंद मला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

१५ मे

कुणालाच आत येता येईना. आलोक फोनवरून सांगतो, मी चष्मा लावून बटणं दाबतो. शेवटी नेटवाला सिद्धराम आला. त्याने समजावलं ते असं: घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आतला पत्ता असतो, आणि बाहेरच्या जगाला सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. आमचा बाहेरचा पत्ता गल्लीतल्या आणखी घरांत वाटलेला होता, म्हणून पोरं भलत्याच दारात जाऊन परत फिरत होती. त्याने वेगळा पत्ता करून दिला. मग राउटरमध्ये एक दार उघडलं. मग संगणकाचा स्वतःचा पहारेकरी आडवा आला, त्याला समजावलं. संध्याकाळी पोरं आत. पुण्याचा मिहिर म्हणतो, आजोबा, लॅग होतंय. म्हणजे तो पाऊल आत्ता टाकतो आणि ते पडतं मागाहून.

दमलो. पण मुलं आली.

१९ मे

परत तेच. मिहिर आज दुपारभर बाहेर. यादीत नाव असेल त्यालाच आत घ्यायचं असा एक नियम आहे, आणि त्याने स्वतःचं नाव बदललं होतं. पोरगं रडकुंडीला आलं. मी तो नियमच काढून टाकला.

आलोक चिडला. म्हणाला, नाना, आता कुणीही उठून आत येईल. मी म्हटलं, येऊ दे. भूकंप झाल्यापासून आमच्या भागातली कितीतरी माणसं दाराला कडी लावून झोपत नाहीत. घर हललं की कडी अडकते, आणि आतला आतच राहतो. तीस वर्षांत मी कडी सरकवलेली नाही. तो हसला. नाना, हा भूकंप न्हाई, इंटरनेट हाय, म्हणाला.

२४ मे

मालविकाला नवी मैत्रीण मिळाली आहे. पडद्यावर तिच्या नावाच्या जागी नुसती रिकामी चौकट. कुणाच्या वर्गातली असेल. दोघी मिळून गाव बांधून राहिल्या. आज मालविकाने मला केरबाचं घर दाखवलं. बाहेर लिंब, आत चुलीच्या वर दिव्याची देवळी, देवळीखाली भिंतीला पडलेली चीर.

चिरेचं मी मालविकाला सांगितलेलं नव्हतं. मलाच ती आज आठवली.

आणि एक. बाकी सगळी मुलं अडखळत चालतात. ही नाही.

२७ मे

कोण कुठून जोडलंय ते संगणकावर दिसतं. मालविका, मिहिर, सगळे बाहेरच्या पत्त्यांवरून. तिचा पत्ता आतला आहे. या घरातला.

सिद्धरामला बोलावलं. त्याने सगळं तपासलं. घरात यंत्रं दोनच, हा संगणक आणि माझा फोन. तो म्हणाला, गुरुजी, उंदीरबिंदीर गेम खेळून राहिला की काय! आम्ही दोघं हसलो. चहा घेतला. तो निघताना त्याला उगीचच आणखी थोडं थांब म्हणालो.

३१ मे

दोघी आता खाली खणतात. शाळेच्या ओट्याखालून पायऱ्या काढल्या आहेत. मालविका सांगते, खाली आणखी एक गाव आहे आजोबा, सगळे तिथेच आहेत, ती मला न्यायला येते.

रोजच्यासारखी फोनवर आम्ही कविता म्हटली. मी थांबलो. शेवटचा शब्द मागाहून आला.

आलोकला विचारलं, लाइन खराब आहे का. म्हणाला, नाना, ती जेवायच्या पाटावर समोर बसूनसुद्धा अशीच उशिरा बोलते. तिच्या आईने, देविकाने, कानाच्या डॉक्टरला दाखवलं. कान ठणठणीत.

मी मालविकाला मैत्रिणीचं नाव विचारलं. तुम्हाला ठाऊक आहे की गुरुजी, म्हणाली.

मला ती गुरुजी कधीच म्हणत नाही.

२ जून

सर्व्हर बंद केला. इंटरनेटची वायर उपटून कपाटात टाकली. मालविकाला बजावलं, आलोकला बजावलं. त्यांना वाटतं नानांचं वय झालं.

केरबाचा नंबर शोधला. पुनर्वसनाच्या गावात एकटाच राहतो. गुरुजी, लई दिसांनी याद केली, म्हणाला. म्हशीचं बोलला, गुडघ्याचं बोलला. मी लुंबिनीचा विषय काढला. मिलटरीवाल्यांनी सारा ढिगारा उपसला तरी पोर गावली न्हाई, म्हणाला. कपडासुद्धा नाही. म्हणून मी अजून दाराकडं तोंड करून जेवतो, म्हणाला.



४ जून, दुपार

आलोकचा फोन. मालविका सकाळपासून घरात नाही. कुणी एसटी स्टँडवर पाहिली म्हणतात. पोलिसांत गेलेत. देविका मागे रडत होती.

मी संगणक सुरू केला. वायर कपाटातच आहे — इंटरनेट नाही, काही नाही —

गाव आलं. आत दोघी आहेत.

दोघींचे पत्ते आतले.

पायऱ्यांच्या तोंडाशी उभ्या. मी एका बोटाने अक्षरं शोधत लिहिलं, मालू वर ये, घरी जा, बाबा शोधतायत. एक जण वळली. लिहिलं, येते.

आणि वर चढायला लागली. देवा. चढली.

पण मालविकाचं नाव खाली —

४ जून, संध्याकाळ

रिकामी चौकट गेली. आत एकच उरली आहे. पायऱ्या दिसत नाहीत, वरचे ठोकळे सपाट झालेत. मी खणतो आहे. मला नीट येत नाही.

आलोक फोन उचलत नाही.

दारात कुणीतरी आहे. केरबा. तीस वर्षांनी. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, आणि रडतोय, हसतोय. म्हणतो, दुपारी जेवायला बसलो व्हतो गुरुजी, आन् ही दारात. बाबा म्हणाली. देवळीत हात घालायला गेली, नव्या घरात देवळीच न्हाई. गुरुजींकडं चल म्हणाली, वाटबी तिनंच दावली, म्हणून घिऊन आलो.

त्याच्या बोटाला धरून नांदेडच्या शाळेच्या फ्रॉकमध्ये मालविका. मालविकाचाच चेहरा. माझ्याकडे बघून हसते — किती दिवसांनी कुणी मला असं —

केरबा विचारतो, गुरुजी, घरी नेऊ ना हिला? हो म्हणा. तुमी म्हनल्याबिगर कसं नेऊ?

आणि मागे पडद्यावर अक्षरं उमटतात. आजोबा, इथे सगळे आहेत, पण मला कुणी ओळखत नाही, आजोबा, वर कुणी आहे का, मी —

तो परत विचारतो आहे. काय सांगू त्याला. मी —