पंख्याचं विमान

हैदराबाद
६ जून २०२४

ती. आजोबांना अस्मिताचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं माया आत्या स्वतःच्या मनाने भरते, म्हणून पत्र. इथलं ट्रेनिंग संपत आलंय आणि पायलटच्या नोकरीसाठी मला दोन कंपन्यांनी निवडलंय. एक मोठी. जेट विमानं, दिल्लीत राहायचं, पुढे परदेशी फेऱ्या. दुसरी लहान. पंख्याची विमानं, जळगाव-कोल्हापूरच्या फेऱ्या, मुक्काम मुंबईत. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचाय.

बदलापूरला विचारलं तर पप्पा म्हणाले, तुझं तू ठरव. मम्मीने विचारलं, डबा कुठली कंपनी बरा देते. माझं मन लहान कंपनीकडे आहे. सुट्टीला अंबरनाथला येता येईल. तुमच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरकडे मीच नेईन. माया आत्या आहे, तरी तुमच्याजवळ आणखी कोणीतरी हवंच. तुमचं मत कळवा.

लोभ मुंबई-दिल्ली दोन्हीकडे पुरेल इतका असू द्या.

तुमची,
अस्मिता


अंबरनाथ पूर्व
१३ जून २०२४

चि. अस्मितास अ. उ. आ.

तुझं पत्र मायाने मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि खालच्या कौसाबाईंनी जिन्यात उभं राहून ऐकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या बिल्डिंगचं मतदान झालं. मोठी कंपनी निवडून आली. कौसाबाईंचं म्हणणं, मोठ्या विमानात पायलटला झोपायला गादी असते. त्यांना हे कोणी सांगितलं, ते विचारू नकोस.

मला मात्र पत्रात वेगळाच वास आला. विमानापेक्षा माझ्या गुडघ्यांबद्दलच जास्त लिहिलंयस. तू नोकरी शोधतेयस की माझ्यासाठी नर्स? मी ज्या कारखान्यात लागलो तिथेच जन्म काढला, कारण आत घेणारे तेच एकटे होते. कुठे जातोस असं मला कोणी विचारलं नाही. तुला दोघं विचारतायत. ही चैन माझ्यावर उधळलीस तर मला राग येईल. दिल्ली घे. मी येईन तिथे.

राग आणि लोभ दोन्ही आहेत, हवं ते घे.

तुझा,
आजोबा


हैदराबाद
२१ जून २०२४

ती. आजोबांना सप्रेम जयभीम.

वि. वि. गुडघ्यांचं थोडं खरं होतं. म्हणून तुम्ही नाहीतच असं धरून विचार करायला बसले. जमलं नाही, रडू आलं. मग धरलं की तुम्ही दिल्लीतच राहता, माझ्या समोरच्या गल्लीत, आणि रोज सकाळी हाका मारून मला उठवता. हे छान जमलं. तरीही मन पंख्याच्या विमानाकडेच गेलं.

मोठं विमान वर गेलं की तासन्‌तास जवळजवळ आपलं आपणच चालतं. लहान विमान दिवसातून कितीदा तरी चढतं, उतरतं, आणि वारा हाताला कळतो. मला विमान उतरवायला आवडतं, आजोबा. धावपट्टी समोर आली की दुसरं काही आठवत नाही, तुम्हीसुद्धा नाही. हे तुम्हाला कसं लिहायचं, म्हणून गुडघे पुढे केले. काल लहान कंपनीला होकार कळवला.

रागावलात तरी पत्र पाठवा.

तुमची,
अस्मिता


अंबरनाथ पूर्व
२० जानेवारी २०२५

चि. अस्मितास अ. उ. आ.

परवा मी आणि माया तुझ्या विमानाने जळगावला गेलो, त्याचा हा रिपोर्ट. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो. एअरहोस्टेसला हळूच सांगितलं की पुढे माझी नात आहे. माझ्या मते हळूच. पार मागच्या रांगेतून टाळ्या आल्या.

शेजारी उल्हासनगर कॅम्प तीनचे जीन्सवाले शेठ होते. ढगात विमान हललं तेव्हा त्यांनी डोळे मिटून माझा हात धरला आणि म्हणाले, साईं, जहाज बहुत छोटा है. मी म्हटलं, घाबरू नका, तिला मोठं मिळत होतं, तिने हेच मागून घेतलंय. माझाही हात गार पडला होता, ते त्यांना कळलं असणार. विमान टेकलं कधी ते मला समजलंच नाही. शेठनी हात सोडला तेव्हा समजलं.

सगळे उतरल्यावर मी उठलो, तोवर तू टोपी घालून मागच्या दाराशी उभी होतीस. ओळख न दाखवता मला थँक यू सर म्हणालीस. मायाला राग आला, मला नाही. मी थँक यू, कॅप्टन म्हणालो आणि शिडी उतरलो. तू अजून कॅप्टन झालेली नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे.

लोभ जमिनीवर असतानाही असू दे.

तुझा,
आजोबा