आईच्या लग्नातली साडी

अंबरनाथ,
११ मार्च २००७

प्रिय नेत्रा,

सप्रेम जयभीम. कांजिण्यांचे डाग अजून गेलेले नाहीत, बाकी मी ठणठणीत. बदलापूरला तुझ्या घरी सगळे बरे असतील. तुला पत्र लिहितेय म्हटलं की आई काहीतरी निरोप सांगतेच. आज काही सांगितलेला नाही.

तुझं काम दिल्लीच्या प्रदर्शनाला चाललंय, हे सरांकडून कळलं. अभिनंदन. माझ्या कामाऐवजी चाललंय, हेही त्यांनीच सांगितलं. तू सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं.

आर्ट कॉलेजात पहिल्या वर्षी मी कसली चित्रं काढायची, आठवतं? बैलगाडी, डोंगर, मागे सूर्य. उभ्या जन्मात बैलगाडीत बसले नव्हते! सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, ‘तुझ्या घरात काय आहे ते आण की.’ त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे. आमच्या घरात होत्या जीन्सच्या चिंध्या. आई उल्हासनगरच्या कारखान्यांतून पँटी आणते आणि घरी बसून त्यांचे धागे कापते. मी त्या चिंध्या उकळल्या, कुटल्या, डिंकात कालवल्या, गंजके खिळे दाबून पाहिले. निम्मं सगळं वाया गेलं. तू नाक दाबून हसायचीस आणि मग माझ्याबरोबर हात निळे करून बसायचीस.

शेवटच्या वर्षी आईने आपणहून ट्रंक उघडली आणि लग्नातली पांढरी साडी माझ्या हातात दिली. आमच्यात नवरी पांढरंच नेसते, हे तुला आईनेच सांगितलं होतं, तुझ्या ताटात भाकरी वाढताना. सांगताना ती लाजली, तर तू तिला किती चिडवलंस! ती साडी मी फळीवर चिकटवली आणि खालून जीन्सचा निळा तिच्यात चढू दिला. माझं पहिलं आनंदाचं काम होतं ते. लग्न होतं, नेत्रा.

मी कांजिण्यांनी पडले म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनात काम मांडायचं आणि शेजारची इंग्रजी पाटी लिहायचं तुझ्यावर सोपवलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे. बक्षीस मिळालं, ते घ्यायला बाबा आले. पाटीवर काय लिहिलंय, असं त्यांनी तुलाच विचारलं. तू म्हणालीस, ‘काका, तुमच्या लग्नातली साडी, असं लिहिलंय.’ बाबांनी पाटीशेजारी ताठ उभं राहून फोटो काढून घेतला. उल्हासनगरला सिंधी दुकानदाराकडून सोनेरी फ्रेम करून आणली आणि येईल त्याला दाखवत सुटले.

गेल्या रविवारी काकांची पायल आली. इंग्रजी शाळेतली पोर. तिने फोटोतली पाटी मोठ्याने वाचली आणि कुणी न विचारता अर्थही सांगितला. ‘एका विधवेचं वस्त्र.’

आई उठून आत गेली. बाबा फोटोकडे बघत राहिले, मग हसले. ‘म्हणजे मी खपलो काय?’

फोनवर तू म्हणालीस, सरांनी तसं लिहायला सांगितलं, मी काय करणार? अगं, तुला माहीत नसतं तर मी चकार शब्द काढला नसता. सरांना माहीत नव्हतं. तुला होतं. म्हणून तर बाबांना खरं सांगितलंस आणि पाटीवर खोटं लिहिलंस.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘लग्नाची साडी म्हटलं तर त्यात उरतं काय? त्यातलं दुःख लोकांना भिडलंय. पाटी बदलायची असेल तर काम दिल्लीला जाणार नाही.’ आमच्या घरातून त्यांना दुःखच हवं आहे, आनंद आणला तरी त्याचं दुःख करून घेतात. मी फळी उचलली, टेम्पोत घातली आणि घरी आणली.

वाटलं होतं, बाबांना बरं वाटेल. ते माझ्यावरच चिडले. म्हणाले, ‘येडी आहेस काय? दिल्लीत मला कोण ओळखतंय? मेलेला तर मेलेला. तुझं काम तर गेलं असतं ना!’

तोवर मला तुझा नुसता राग होता. आता तू घरी येऊ नकोस. आलीस तर बाबा तुला चहा पाजतील, आणि ते मला बघवणार नाही.

श्री. रामभाऊ शेजवळ (हयात) यांची मुलगी,
अस्मिता