सोळा अंशांचं धोरण

४ जानेवारी
गॅसचं बिल आलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. गेल्या हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट. बायकोला, मालसुकला दाखवलं तर म्हणाली, "अहो, सगळ्यांनाच आलंय. बाजारात दुसरा विषय नाही." बायकांचं हे असं. सगळ्यांना आलं की त्यांना चालतं.

मी इंचॉनच्या बस डेपोत उभी हयात वेळापत्रकं सांभाळली. डिझेल महागलं की काय करायचं हे मला शिकवायला नको. फेऱ्या कमी करायच्या. आजपासून बॉयलर सोळा अंशांवर. जमिनीखालच्या नळ्यांतून कोमट पाणी फिरलं तरी पुष्कळ. एक-दोन दिवस तळपायांना गार लागेल, मग अंगवळणी पडतं.

आई शहाऐंशीची. तिच्या पिढीला थंडीचं काही वाटत नाही. तिला विचारलं नाही, पण मला माहीत आहे.

६ जानेवारी
सगळ्या खिडक्यांना बुडबुड्यांचं प्लास्टिक लावलं. स्वतः. कारागीर न बोलावता. घर एकदम बंदिस्त आणि उबदार वाटतंय. आईने विचारलं, "बाहेर बर्फ पडतोय का रे?" नाही म्हटलं. "मग अजून उजाडलं नाही?" तेव्हा आमची दुपारची जेवणं झालेली होती.

मालसुकची तक्रार, की खिडकी उघडत नाही आणि किमचीच्या लोणच्याचा वास घरात कोंडलाय. मी समजावलं, वास बाहेर जात नाही म्हणजे ऊबही जात नाही. तिने पटल्यासारखं काही केलं नाही.

९ जानेवारी
आमच्या घरी बिल्डिंगची मीटिंग. विषय: गॅस दरवाढ आणि नागरिकांचा लढा. सगळ्या मजल्यांवर स्वतः जाऊन निमंत्रण दिलं होतं. दोघं आली. तिसऱ्या मजल्यावरचे ब्यॉन, निवृत्त शिक्षक. आणि आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या योमबाई, ज्यांचं कोपऱ्यावर तयार भाज्या-लोणच्यांचं दुकान आहे. दोघांनीही कोट काढले नाहीत.

ब्यॉन म्हणाले, आधीच्या सरकारने मतांसाठी दर दाबून ठेवले, दाबलेलं झाकण कधीतरी उडणारच. मी म्हटलं, मग हे सरकार आल्यावरच कसं उडालं? ते म्हणाले, उडायची वेळ झाली म्हणून. मी म्हटलं, उडवलं म्हणून. झाकणावर बराच वेळ गेला.

शेवटी योमबाई उठल्या. "तुमचं दोघांचं सरकार ठरलं की मला खाली सांगा. माझं पातेलं शेगडीवर आहे, आणि ती शेगडी कुठल्याच पक्षाची नाही." दारात थांबून त्यांनी विचारलं, "आजी या आतल्या खोलीत झोपतात?" हो म्हटलं. मग गेल्या.

निष्पन्न: हिवाळा कृती समिती स्थापन. अध्यक्ष मी, बिनविरोध. उपाध्यक्षपद ब्यॉननी नाकारलं.

११ जानेवारी
योमबाईंनी पालकाचा आणि कमळकाकडीचा भाव वाढवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "गॅस वाढला, तेल वाढलं, मी तेवढी तशीच राहू?" ही नफेखोरी आहे. समितीने बहिष्कार पुकारला आहे. समिती म्हणजे सध्या मी.

रात्री भात आणि किमची. आईला योमबाईंच्या दुकानातले गोड काळे सोयाबीन लागतात. नाहीत म्हटलं, हे राजकारण आहे. ती म्हणाली, "राजकारणाला किती दिवस लागतात?"

१४ जानेवारी
उत्तम खरेदी. घरात, गादीवर उभा करायचा तंबू. आत माणसाच्या श्वासानेच ऊब राहते. आईच्या खोलीत लावला. ती रांगत आत गेली, गुडघे जवळ घेऊन बसली. मग म्हणाली, कोरियाच्या लढाईच्या हिवाळ्यात आम्ही दक्षिणेकडे चालत निघालो तेव्हा असल्याच फडक्याखाली निजायचो. बाबा म्हणाले होते, चार दिवसांत परत जाऊ.

मी दाखवलं, आई, याला चेन आहे. आतून लावता येते.

मालसुक स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. गरम पाण्याचा. तो मी बंद केला.

१७ जानेवारी
आई हल्ली रोज वृद्धांच्या विरंगुळा केंद्रात जाते. नाश्ता झाला की निघते, अंधार पडल्यावर येते. पूर्वी मिनतवाऱ्या करूनही जायची नाही. तंबूमुळे झोप चांगली लागून उत्साह वाढला असणार. मालसुक म्हणाली, "तिथली जमीन तापलेली असते हो." प्रत्येक गोष्टीत जमीन कशाला आणायची.

आज तिथे आपल्या भागातले लोकप्रतिनिधी येणार होते. मी प्रश्न पाठ केला होता. अतिशय बोचरा. ते आले, प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, "जनतेची थंडी ती माझी थंडी." मग माझ्याकडे वळले. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, आपण एवढ्या थंडीत आलात, उपकार झाले. ही प्रस्तावना होती. प्रश्न त्यानंतर येणार होता, पण ते फोटोसाठी पुढे सरकले. फोटोत माझा खांदा आला आहे.

येताना आईने विचारलं, "तू त्यांना ओळखतोस का?" म्हटलं, आता ओळख झाली.

२२ जानेवारी, नवीन चांद्रवर्ष
मुलगी हेवोन, जावई आणि नात आले. पितरांसमोर पान मांडलं. वाकताना नातीने विचारलं, "आजोबा, तोंडातून धूर का येतो?" मुलांना गंमत वाटते.

मी तांदळाच्या चकत्यांचं सूप पीत असताना पायाला जमीन गरम लागली. हेवोनने गुपचूप बॉयलर वाढवला होता. मी उठून कमी केला. ती म्हणाली, "बाबा, तुमचं बिल माझ्या खात्यातून जाऊ दे. मला जड नाही." मी सांगितलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, "मग तत्त्व तुम्ही पांघरा. आजीला का?" तिचं हे बोलणं तिच्या आईवर गेलंय.

दुपारीच निघाले. नातीला शिंका यायला लागल्या होत्या. लहान मुलांना प्रवासात होतंच.

२४ जानेवारी
थंडीची लाट. बातम्यांत दुसरं काही नाही. हेवोनचा फोन, सगळे इकडे या. मालसुकने बॅग भरली, आईचीही भरायला घेतली. विरंगुळा केंद्र सणासाठी बंद, आई घरात एकटी पडेल, म्हणाली. एकटी कशी, मी आहे. शिवाय आईला गाडी लागते. आणि समितीच्या अध्यक्षाचीच आई पळाली तर ब्यॉनना काय तोंड दाखवू. मालसुक दारात उभी राहिली. "अहो, एकदा तरी ऐका." मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. ती गेली.

दोन माणसांसाठी बॉयलर जाळणं हिशेबात बसत नाही. प्लगच काढला. आईला दोन मोजे, माझा डेपोतला कोट, आणि तंबूची चेन लावून दिली. "बरं वाटतंय ना?" म्हटलं. ती म्हणाली, "तू झोप." म्हणजे बरं वाटत होतं.

२५ जानेवारी
नळाला पाणी नाही. बॉयलरच्या नळ्या गोठल्या. घाबरण्याचं कारण नाही, हेअर ड्रायर धरला की सुटतात. सकाळ त्यात गेली. मधे आईला हाक मारली. "योंगहो, आलास का?" म्हणाली. योंगहो माझा थोरला भाऊ, जाऊन वर्षं झाली. झोपेत माणूस बोलतं. झोपू दिलं.

दुपारी योमबाई वर आल्या. त्यांच्या छतातून पाणी गळत होतं. मला वाटलं भांडायला आल्या, म्हणून बहिष्काराबद्दल आधीच बोलायला लागलो. त्यांनी ऐकलं नाही. "आजी कुठे आहेत?" सरळ आत गेल्या, तंबूची चेन ओढली, आत हात घातला. मग माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन काढून ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगितला. पत्ता त्यांचाही तोच आहे, फक्त मजला एक वरचा.

आई कुडकुडत नव्हती. मी ते चांगलं लक्षण समजत होतो.

२६ जानेवारी
हॉस्पिटल. तरुण डॉक्टरीणबाई. त्यांनी विचारलं, "या कुठे सापडल्या?" मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. "स्टेशनवर? रस्त्यावर?" मी म्हटलं, घरी. त्या लिहायच्या थांबल्या. खोलीत तापमान किती होतं? अठरा, म्हटलं.

हेवोन शेजारी उभी होती. ती माझ्यापासून सरकून मालसुकजवळ गेली.

३ फेब्रुवारी
आई वाचली. तीन बोटं मात्र काळी पडली आहेत. हेवोनने तिला स्वतःच्या घराजवळच्या वृद्धांच्या हॉस्पिटलात हलवलं. मला विचारलं नाही. मालसुक तिकडेच आहे. "सध्या," असं म्हणाली. मी खोदून विचारलं नाही.

ब्यॉन दारात आले. मला वाटलं, आता सरकारवर बोलतील. उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "आईंची चौकशी करायला आलो." मग दोघंही उभे राहिलो. शेवटी तेच गेले.

योमबाईंच्या छताचं काम मी करून देणार होतो. त्यांनी माणूस लावून करून घेतलं.

९ फेब्रुवारी
आईला भेटायला गेलो. मोठा वॉर्ड, ओळीने खाटा, प्रत्येक खिडकी स्वच्छ, आणि जमीन इतकी गरम की बूट काढल्यावर पाय मागे घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. आईने मला ओळखलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ती सांगत होती, "इथून मी आता कुठे जाणार नाही."

मी तिला सांगितलं, नळ्या दुरुस्त होताहेत, वसंतात घरी नेतो. तिने नीट ऐकून घेतलं. मग माझे हात हातात घेऊन चोळायला लागली. बँडेज असलेल्या बोटांनी. "फार गार आहेत तुमचे हात. घरी कोणी नाही का?" म्हणाली. अनोळखी माणसाला म्हणतात तसं, अहो-जाहो करून. पांघरूण उचललं, थोडी सरकली. "पाय घाला आत."

मी घातले. रुग्णाला सोबत असावी, असं डॉक्टर म्हणतातच.

भेटीची वेळ संपल्यावर नर्स आली, आजोबा, आता निघायला हवं, म्हणाली. माझ्याआधी आई बोलली. "राहू दे गं थोडा वेळ. याला थंडी वाजतेय."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, वाजतेय.